टोमॅटोवरील किडींसाठी प्रतिकारप्रेरक: इंदूर परिसरातल्या रब्बी लागवडीत मात्रा, वेळ आणि होणाऱ्या चुका

सोयाबीन निघाले की सांवेर-देपालपूर पट्ट्यात शेत मोकळे होते आणि त्याच आठवड्यात सोयाबीनवर पोसलेली पांढरी माशी बेघर होते. ती जवळच्या हिरव्याकडे वळते, आणि त्या दिवसांत हिरवे म्हणजे बहुतेकदा टोमॅटोची रोपवाटिका. पुढे आजूबाजूचा हरभरा फुला-घाट्यांवर आला की घाटेअळीचे पतंग वाढतात. हरभऱ्यातली घाटेअळी आणि टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी या दोन वेगळ्या किडी नाहीत. प्रतिकारप्रेरकांचे वेळापत्रक या दोन लाटांच्या आधी बसवायचे असते. लाट आल्यावर फवारलेला प्रेरक म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावणे.

प्रतिकारप्रेरक किडीला मारत नाही. तो झाडाला खोटी वर्दी देतो की हल्ला झाला आहे, आणि झाड स्वतःचे संरक्षण उभे करते. टोमॅटोबाबत हे चांगले तपासलेले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरन्स रायन यांनी १९७२ मध्ये दाखवले की एका पानाला किडीने जखम केली की झाडाच्या इतर पानांतही अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात. १९९० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत कळले की मिथाइल जॅस्मोनेट या वनस्पतींतल्याच संदेश-रसायनाच्या नुसत्या वाफेनेही हेच घडते. ही वाफेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तुलनेची पट्टी सोडताना तिचा संबंध येतो.

कोणती कीड, कोणता मार्ग

झाडाकडे ढोबळमानाने दोन गजर आहेत. पान कुरतडणाऱ्या, पोखरणाऱ्या किडींसाठी जॅस्मोनिक मार्ग: फळ पोखरणारी अळी, टुटा (पाने-फळे पोखरणारी छोटी अळी), तंबाखूवरची पाने खाणारी अळी, आणि बऱ्याच अंशी लाल कोळी व फुलकिडे. जिवंत पेशींवर जगणाऱ्या रोगकारकांसाठी आणि काही रसशोषक किडींसाठी सॅलिसिलिक मार्ग: मावा, काही जिवाणूजन्य ठिपके, काही विषाणू. पांढऱ्या माशीबाबत सॅलिसिलिक मार्गाचे निकाल उलटसुलट आहेत. कुठे माशी कमी झाली, तर कुठे माशीच झाडाचा हा गजर वाजवून दुसरा दाबते असे दिसले. म्हणून माशी आणि तिच्यासोबत येणारा बोकड्या (पाने आखडवणारा विषाणूरोग) आवरण्याचा भार जाळीवर आणि पिवळ्या चिकट सापळ्यांवर ठेवावा, प्रेरकावर नाही.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट अशी की हे दोन्ही गजर एकमेकांना दाबतात. सॅलिसिलिक मार्ग जोरात चालू असेल तर जॅस्मोनिक मार्ग मंदावतो आणि अळीला मोकळे रान मिळते. दुकानदार 'दोन्ही एकत्र घाला, दुहेरी संरक्षण' म्हणाला तर मान डोलवावी आणि एकच घ्यावे. दोन प्रकारच्या फवारण्यांत किमान ८ ते १० दिवस जाऊ द्यावेत.

काय घ्यायचे

ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि स्यूडोमोनास हा जिवाणू, हे पाया म्हणून धरा. मुळांवर वस्तीला राहून ते झाडाला सजग ठेवतात: कीड आली की प्रतिसाद लवकर येतो, आणि एरवी झाडाची ताकद फुकट खर्च होत नाही. स्वस्त आहेत आणि मात्रा थोडी चुकली तरी नुकसान करत नाहीत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर यांवरच खर्च करावेत.

मिथाइल जॅस्मोनेट रसायनांच्या दुकानात मिळते. तेलकट, मोगऱ्या-जाईसारख्या वासाचे आणि महाग. सॅलिसिलिक आम्ल भुकटीच्या रूपात, बरेच स्वस्त. या दोन्हींच्या बाटलीवर टोमॅटोसाठीची मात्रा किंवा काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस) छापलेले नसते. म्हणून ते रोपवाटिकेपासून फुलोऱ्याआधीपर्यंतच वापरावेत, तेही आधी थोड्या ओळींवर. फळे धरल्यावर लेबलवर टोमॅटोचे नाव असलेलेच उत्पादन घ्यावे.

कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचा पदार्थ) आणि समुद्री शेवाळाचा अर्क हे मधले पर्याय. परिणाम सौम्य, पण फळधारणेच्या काळातही चालतात. अशी जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे डब्यावर घटकांचे प्रमाण आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल तर तो डबा परत ठेवावा.

सिलिकॉनचा बराच बोलबाला आहे. भात, ऊस, काकडी ही पिके सिलिकॉन भरपूर उचलतात, टोमॅटो फार थोडे उचलतो. भातातले निकाल दाखवून टोमॅटोसाठी विकलेल्या सिलिकॉनवर मोठा खर्च करू नये.

आधी पाणी तपासा

इंदूरकडच्या बहुतेक बोअरवेलचे पाणी जड आणि विम्लधर्मी. त्यात कायटोसान घातले की थोड्या वेळात दही फाटल्यासारखे धागे दिसतात आणि नोझल बंद पडते. कायटोसान साधारण ६.५ सामूच्या (पीएचच्या) खालीच विरघळलेले राहते. सॅलिसिलिक आम्लही विम्ल पाण्यात क्षाररूपात जाते आणि पानात कमी शिरते.

उपाय सोपा आहे. सामू तपासायच्या पट्ट्या आणाव्यात. पंपाच्या १५ लिटर पाण्यात आधी ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचे फूल, विरघळवून सामू बघावा. ५.५ ते ६ आला तर थांबावे, नाही तर दोन-दोन ग्रॅमनी वाढवावे. जड पाण्याला १० ग्रॅमपर्यंत लागते. एकदा आपल्या बोअरचा आकडा सापडला की तो पंपावर खडूने लिहून ठेवावा. पावसाचे साठवलेले पाणी असेल तर ही कटकटच नाही.

रोपवाटिका: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर

एका एकराला १२० × ४५ सेंटिमीटर अंतराने सुमारे साडेसात हजार रोपे लागतात. बदली रोपे धरून ९८ कप्प्यांचे ८० ते ८५ ट्रे. रोपवाटिकेवर ४० ते ५० मेशची जाळी लावावी, दाराला दुहेरी पडदा. इथे ढिलाई केली तर पुढची कोणतीही फवारणी बोकड्या परतवत नाही.

कोकोपीट भिजवताना दर किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळावे. संकरित बियाण्यावर बहुधा आधीच बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो. त्यावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे दोन्ही वाया घालवणे, म्हणून ते माध्यमातच द्यावे. घरचे, लेप नसलेले बी असेल तर १० ग्रॅम प्रति किलो बियाणे या प्रमाणात चोळून सावलीत सुकवावे.

पेरणीनंतर १८ ते २० दिवसांनी, तीन-चार खरी पाने आल्यावर प्रेरकाची पहिली फवारणी. इथे एकच निवडायचे. ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीच्या धामधुमीत लागवड होणार असेल आणि मागच्या वर्षी बोकड्याने रडवले असेल तर जाळीच्या जोडीला सॅलिसिलिक आम्ल. लागवड नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाणार असेल आणि खरा शत्रू टुटा किंवा अळी असेल तर मिथाइल जॅस्मोनेट. रोपवाटिकेत महागडे रसायनही परवडते, कारण एका ट्रेला १०० मिलिलिटर द्रावण पुरते. सगळ्या एकराच्या रोपांना साडेआठ लिटर.

सॅलिसिलिक आम्ल: १५ लिटरला १ ग्रॅम. थंड पाण्यात भुकटी तरंगत राहते, म्हणून आधी एक लिटर गरम पाण्यात ढवळून पूर्ण विरघळवावी, थंड करावी, गाळावी आणि मग पंपात ओतावी. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्यावा, चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. दुप्पट मात्रेला कोवळ्या पानांच्या कडा करपू लागतात. काही जण ॲस्पिरिनच्या गोळ्या वापरतात. ३२५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या १५ लिटरला जवळपास तेवढेच काम करतात, पण पोटात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या पाण्यात नीट फुटत नाहीत आणि गोळीतला चुरा नोझलमध्ये बसतो. भुकटीच बरी.

मिथाइल जॅस्मोनेट: रोपांना १५ लिटरला ०.८ मिलिलिटर, म्हणजे साडेआठ लिटरला अर्धा मिलिलिटरही पुरे. सुईशिवायच्या इंजेक्शनच्या सिरिंजने मोजावे. तेलकट असल्याने ते थेट पाण्यात मिसळत नाही. आधी दसपट स्पिरिटमध्ये विरघळवावे, त्यात स्टिकरचे काही थेंब टाकावेत आणि मग पाणी हळूहळू ओतत ढवळावे. पृष्ठभागावर तेलाची चकती दिसत असेल तर फवारू नये, ज्या रोपावर ती चकती पडेल ते जळेल.

फवारणी आणि पुनर्लागवड यांत ५ ते ७ दिवस हवेत. प्रतिकार उभा राहायला दोन-चार दिवस लागतात, आणि त्याच वेळी उपटण्याचा ताण पडला तर रोप आठवडाभर बसकण मारते.

पुनर्लागवड

बेडवर दर एकरी १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत गोणपाटाखाली १० ते १५ दिवस वाढवलेले असावे. पांढरट-हिरवी बुरशी पसरलेली दिसली की तयार. कंपोस्टची जगप्रसिद्ध 'इंदूर पद्धत' याच शहरात, १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी घडवली. जिवंत मातीतल्या पिकाला कीड कमी लागते हा त्यांचा आग्रह होता. मुळांवरच्या सूक्ष्मजीवांमुळे पानांतला प्रतिकार जागा होतो हे आज माहीत आहे, तेव्हा त्या आग्रहात तथ्य होते असेच म्हणावे लागेल.

रोपे लावण्याआधी मुळे १० ग्रॅम स्यूडोमोनास प्रति लिटर पाण्यात २० ते ३० मिनिटे बुडवावीत. त्यानंतर दहा दिवस ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी करू नये.

याच दिवशी झेंडूही लावायचा: टोमॅटोच्या दर १६ ओळींना एक ओळ. झेंडूचे रोप ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, तरच दोघांचा फुलोरा एका वेळी येतो आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतात. झेंडू उशिरा लावला तर ती फक्त शोभा राहते.

शेतातल्या फवारण्या

पहिली, लागवडीनंतर २० ते २५ दिवसांनी, पहिल्या कळ्या दिसण्याच्या बेतात. ही जॅस्मोनिक मार्गाची आणि सगळ्या वेळापत्रकातली सर्वांत मोलाची. मिथाइल जॅस्मोनेट १५ लिटरला १.६ मिलिलिटर, एकराला १०० लिटर द्रावण धरले तर ११ मिलिलिटरच्या आसपास. खर्च झेपत नसेल तर बांधालगतच्या आणि हरभऱ्याकडच्या दहा-बारा ओळींनाच द्यावे, उरलेल्या शेताला स्यूडोमोनास १० ग्रॅम प्रति लिटर.

हीच वेळ का? पतंग अंडी घालतो ती फुलांच्या घोसाजवळच्या वरच्या कोवळ्या पानांवर. अळी आधी काही दिवस पाने खरवडते, मग फळात शिरते. जॅस्मोनिक फवारणीनंतर पानांत पचन बिघडवणारी प्रथिने वाढतात, आणि त्यानंतर फुटणाऱ्या नव्या पानांवर चिकट ग्रंथियुक्त केसही दाट येतात. अळी मरत नाही. ती हळू वाढते, जास्त दिवस लहान आणि उघड्यावर राहते. त्या दिवसांत परजीवी माश्या, कोळी आणि विषाणू-आधारित औषध यांना तिच्यावर हात टाकता येतो. एकदा ती फळात गेली की पानातले काहीच तिच्या वाट्याला जात नाही.

म्हणून प्रेरकाची जोडी लावायची ती या गोष्टींशी. एकरी ५ कामगंध सापळे लावावेत. फुलोऱ्यात आठवड्याच्या अंतराने ट्रायकोग्रामाची, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या बारीक परजीवी माशीची, कार्डे लावावीत, एका वेळी एकरी २० हजार या हिशेबाने. बारीक अळ्या दिसताच घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही, एकरी १०० एलई (म्हणजे १०० रोगट अळ्यांतून मिळणाऱ्या विषाणूइतकी मात्रा), लिटरमागे ५ ग्रॅम गूळ घालून, सूर्य कलल्यावर फवारावा. उन्हात हा विषाणू निकामी होतो. मोठ्या अळीवर त्याचा फारसा जोर चालत नाही, आणि प्रेरकामुळे अळी लहान राहिल्याचा फायदा नेमका इथे मिळतो.

त्यानंतर १२ ते १५ दिवसांनी दुसरी फवारणी. आता फळे धरू लागलेली असतात, म्हणून कायटोसान. १० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात २०० मिलिलिटर पांढऱ्या व्हिनेगरसह रात्रभर भिजवावी, सकाळी मधासारखे दाटसर द्रावण झाले की फडक्यातून गाळून, सामू उतरवलेल्या १५ लिटर पाण्यात मिसळावे. तयार द्रवरूप कायटोसान घेतल्यास लेबलवरची मात्रा पाळावी. यात ताम्रयुक्त औषध मिसळू नये, कायटोसान तांबे धरून ठेवते आणि दोन्ही निकामी होतात. तिसरी आणि चौथी फवारणी अशाच अंतराने, समुद्री शेवाळाचा अर्क लिटरला २ ते २.५ मिलिलिटर आणि कायटोसान आलटून पालटून. अंतर यापेक्षा लांबवू नये, कारण फवारणीनंतर फुटलेली पाने हळूहळू निर्धास्त होत जातात आणि अंडी नेमकी नव्या पानांवर पडतात.

फवारणी दुपारी साडेचारनंतर करावी. पोकळ शंकूचे नोझल घ्यावे आणि पानाची खालची बाजू ओली व्हावी. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला आणि सकाळी धुके असेल तर झाडाचा प्रतिसाद मंदावतो. थंडीची लाट ओसरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबणे शहाणपणाचे.

तुलनेची पट्टी

ही नसेल तर प्रेरकाने काम केले की नाही हे कधीच कळत नाही, कारण इथे मेलेल्या किडी दिसत नाहीत. तीन ओळी न फवारता सोडाव्यात. मिथाइल जॅस्मोनेट वापरले असेल तर या ओळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि मध्ये चार-पाच मीटर अंतर सोडून असाव्यात. शेजारून आलेल्या वाफेने त्याही झाडांचा गजर वाजला तर तुलना फसते.

दर आठवड्याला दोन्हीकडची २० झाडे बघावीत: वरच्या तीन पानांवरची अंडी, अळ्यांची संख्या आणि त्यांची लांबी. लांबी विसरू नका. संख्या सारखी पण फवारलेल्या भागात अळ्या निम्म्या आकाराच्या, हे प्रेरक लागू पडल्याचे चिन्ह आहे. तोडणीच्या वेळी पोखरलेली फळे वेगळी तोलून कॅरेटमागे किती निघाली ते लिहावे. चोइथराम मंडीत भाव देताना व्यापारी छिद्र बघतो, फवारणीची वही बघत नाही. हिशेब त्याच आकड्यावर करावा.

२० झाडांत पाच-सहा अंडी किंवा बारीक अळ्या दिसल्या की एचएएनपीव्ही काढायची वेळ झाली. त्यानंतरही फळांत शिरलेल्या अळ्या वाढत राहिल्या तर प्रेरकाच्या भरवशावर बसू नये, कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रातून त्या टप्प्याला चालणारे, लेबलवर टोमॅटो असलेले कीटकनाशक विचारून घ्यावे.

कुठे बिघडते

युरिया. पहिल्या महिन्यात भसाभस युरिया दिला तर पाने गर्द, मऊ आणि रसाळ होतात, मावा-माशीला मेजवानी मिळते आणि प्रेरकाने जे कमावले ते वाहून जाते. ठिबकमधून थोडे थोडे, माती तपासणीच्या आकड्याने द्यावे.

पाणी. काळ्या मातीत वरून भेगा आणि खाली चिखल अशी अवस्था सहज होते. वाफशावर नसलेल्या, कोमेजलेल्या किंवा मुळाशी पाणी साचलेल्या झाडावर प्रेरक फवारणे म्हणजे तापलेल्या माणसाला कवायत करायला लावणे. आधी पाणी सुधारावे, दोन दिवसांनी फवारावे.

जास्त मात्रा. संरक्षण फुकट येत नाही, झाड वाढीतून त्याची किंमत देते. पाने जाड, बारीक आणि खडबडीत झाली, शेंडा आखडला, फुले लांबली, तर मात्रा किंवा फेरे जास्त झाले आहेत. पुढची फवारणी गाळावी. हीच लक्षणे विषाणूची किंवा तणनाशकाच्या उडालेल्या थेंबांचीही असू शकतात. सगळी ओळ सारखीच आखडली असेल तर बहुधा मात्रा, अधूनमधून एखादेच झाड आखडले असेल तर बोकड्या. असे झाड उपटून पिशवीत घालून बाहेर काढावे.

सिंथेटिक पायरेथ्रॉइडची, म्हणजे मित्रकीटकही मारणाऱ्या रासायनिक कीटकनाशकांची सवय. जखमी किंवा प्रेरित टोमॅटोचे झाड हवेत जे वास सोडते त्यांचा माग काढत परजीवी कीटक अळ्यांपर्यंत येतात. अमेरिकेतल्या शेतप्रयोगात जॅस्मोनिक आम्ल फवारलेल्या टोमॅटोवर अळ्यांवरचे परजीवीकरण वाढलेले दिसले आहे. बोलावणे धाडून पाहुण्यांनाच मारले तर निम्मा फायदा गेला.

आणि भेसळ. 'हर्बल', 'ऑरगॅनिक' नावाच्या बिनलेबल बाटलीने दुसऱ्या सकाळी अळ्या टपाटप पडलेल्या दिसल्या तर आनंद मानू नका. प्रतिकारप्रेरक एका रात्रीत अळी मारूच शकत नाही. त्या बाटलीत न सांगितलेले कीटकनाशक असण्याची शक्यता मोठी. तिचे काढणीपूर्व अंतर कुणालाच माहीत नसल्याने त्या ओळींची तोडणी थांबवावी आणि बाटली, पावती, बॅच क्रमांक जपून ठेवून कृषी विभागाकडे नमुना द्यावा.